पाचव्या मजल्यावरची खोली

कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. एकतीस वर्षं ती शर्टांचे पॅटर्न कापत होती. जाड पुठ्ठ्यावर गळा, बाही, पाठ, खिसा आखायचा, कापायचा, आणि मग त्या पुठ्ठ्यावरून खाली हजारो शर्ट निघायचे. इथे पेन्सिलीची रेघ जरा जाड झाली, तर तिथे हजार माणसांचे गळे आवळले जायचे. म्हणून प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात कापणाऱ्याने सही करायची असा नियम होता. शर्ट अंगाला नीट बसला तर तो कंपनीचा. नाही बसला, की पुठ्ठा शोधून काढायचा आणि सही कुणाची ते बघायचं. तिच्या सहीचा पुठ्ठा एकतीस वर्षांत दोनदा शोधला गेला होता, आणि दोन्ही वेळा चूक शिवणाऱ्यांची निघाली होती. हे ती कुणी न विचारताही सांगायची.

तर अशा बाईच्या पुढ्यात एका दुपारी, जेवणाचे डबे धुऊन झाल्यावर, काजांच्या मशीनवरच्या मुलीने एक पुस्तक आणून ठेवलं.

"ताई, हे तुमचे भाऊच ना? आमच्या ह्यांनी आणलंय. पुस्तकात डोकं घालून बसलेत नुसते. हाक मारली तर 'हूं' म्हणतात, तेही उशिरा."

भाऊच होता. मागच्या पानावर हनुवटीला हात लावून विचार करत असल्यासारखा फोटो. त्याने आयुष्यात कधी तसा हात लावून विचार केला नव्हता. विचार करताना तो नख खायचा. घरात त्याचं नाव बारक्या. आता पन्नाशीला टेकला होता, पोट त्याच्या दोन पावलं पुढे चालायचं, तरी तिच्या तोंडी बारक्याच. विमा कंपनीत नोकरी करता करता तो रविवारच्या पुरवणीत एक सदर लिहायचा. लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळून बघायचे, कोणता टिकला आणि कोणता विटला ते सांगायचं. लोकांना ते भारी आवडायचं. तिलाही. तिने सगळी कात्रणं खोक्यात घालून ठेवली होती, पॅटर्नसारखी, तारखेने लावून.

त्याच सदरातून हे पुस्तक झालं होतं, आणि ते सगळंच्या सगळं एका खेळावर होतं. खेळाचं खरं नाव लांबलचक आणि परक्या भाषेतलं. त्यांच्या घरी त्याला नुसतं 'किल्ला' म्हणत. चार साहसी गडी घेऊन जमिनीखालच्या किल्ल्यात उतरायचं, राक्षस मारायचे, सातव्या मजल्यावरच्या काळ्या राजाला गाठायचं. मजले खाली खाली जाणारे. पडद्यावर दिसायचं काय, तर समोर भिंत, नाहीतर दार, नाहीतर अंधार. आपण कुठे आहोत हे खेळ सांगायचा नाही. खेळ जपून ठेवायचा तर पुन्हा चढून वरच्या सराईत यावं लागे, आणि वाट चुकली तर चौघेही मेले. म्हणून शेजारी आलेखाची वही घेऊन कुणीतरी बसावं लागायचं. एक पाऊल म्हणजे एक चौकोन.

ते कुणीतरी ती होती.

तिने पुस्तक उघडलं. मधोमध गुळगुळीत कागदावर सात नकाशे छापलेले होते. सात मजले, सात पानं. दुसऱ्या मजल्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, आईने हाक मारली तेव्हा घाईत उमटलेला. सातचा आकडा पोटात आडवी रेघ मारून लिहिलेला, जसा ती अजून लिहिते. दारांना बारीक त्रिकोण, जिन्यांना तीन आडव्या रेघा, आणि भोवऱ्याच्या घराला शंखासारखी खूण. खाली तिरक्या अक्षरांत छापलं होतं : 'लेखकाने वयाच्या अकराव्या वर्षी काढलेले नकाशे.'

"काय सुंदर काढलेत हो," काजांवाली म्हणाली. "अकराव्या वर्षी! आमच्या पोराला अजून सरळ समास आखता येत नाही."

"हो," ती म्हणाली. "हुशार होता." आणि तिने पुस्तक मिटलं. त्या दिवशी दुपारनंतर तिने एक बाही दोनदा मोजली.

भोवऱ्याचं घर म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण राग तिथेच होता. किल्ल्यात काही चौकोन असे होते की त्यांवर पाय ठेवला की खेळ तुम्हाला गुपचूप उलटं फिरवायचा. आवाज नाही, खूण नाही. तुम्हाला वाटायचं पुढे चाललोय, आणि तुम्ही चाललेले असायचे मागे. बारक्या चार दिवस एकाच बोळात फिरत होता आणि कंट्रोलर आपटत होता. तिने वहीत बघून म्हटलं होतं, "थांब. इथे डावीकडे भिंत असायला हवी, तुझ्या उजवीकडे आलीये. तू फिरलायस." नुसत्या बेरजेवरून तिने ते ओळखलं होतं, तेही वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता. पुस्तकात त्यावर साडेतीन पानं होती. 'त्या क्षणी माझ्या लक्षात आलं,' असं त्यांत बारक्याने लिहिलं होतं.

कंट्रोलर तिच्या हाती कधी आलाच नाही. यंत्र त्याच्या वाढदिवसाचं, कॅसेट त्याची, आणि कंट्रोलर एकच. तो अकरा वर्षांचा, ती चौदा-पंधराची. "तू नकाशा काढ ताई, तुझं अक्षर चांगलंय." चार गड्यांची नावं ठेवायची होती तेव्हा त्याने योद्ध्याला आपलं नाव दिलं, दुसऱ्या दोघांना मित्रांची. चौथी होती मागच्या रांगेत उभी राहून जखमा बऱ्या करणारी. तिचं नाव त्याने ठेवलं ताई. ती मेली की तिला सगळ्यांत शेवटी जिवंत करायचा.

संध्याकाळी तिने फोन लावला.

"वाचलंस?" तो आनंदाने ओरडला. "मी तुला पाठवणारच होतो, पण मला मिळालेल्या पंचवीस प्रती हा हा म्हणता संपल्या."

"नकाशे कुठून मिळाले?"

"बाबांचं घर आवरलं ना, तेव्हा माळ्यावर होते. रद्दीत चालले होते, मी वाचवले."

"ते मी काढलेत, बारक्या."

पलीकडून नख कुरतडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अगं हो! म्हणजे काय! ते खाली छापलंय ते ना, तो प्रकाशकाचा घोळ. त्यांनी परस्पर टाकलं. मी छापून आल्यावर बघितलं. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकतो. मोठ्या अक्षरांत. शब्द देतो तुला."

"आणि भोवऱ्याचं घर?"

"तेही बघतो. सगळंच बघतो. रागावू नकोस गं, तू रागावलीस की मला अजून पोटात गोळा येतो."

तिचा राग तिथेच अर्धा उतरला. हा तिचा जुना दोष. धाकट्याने 'पोटात गोळा येतो' म्हटलं की तिच्या हातातली काठी गळून पडायची, लहानपणीही आणि आताही. पण उरलेला अर्धा राग तिने जपून ठेवला. तिला ते नाव हवं होतं. लोकांनी हार घालावेत म्हणून नव्हे. दहावीनंतर घरच्यांनी ठरवलं की पोरीच्या हातात कला असावी, आणि तिला मावशीकडे शिवण शिकायला पाठवलं. भूमिती तिथेच संपली. त्यानंतर तिने लाखो माणसांना कपडे घातले आणि कुठेही तिचं नाव नव्हतं, चूक शोधायच्या पुठ्ठ्याखेरीज. ते सात कागद मात्र तिने कुणाच्या मापासाठी काढलेले नव्हते. ते तिचे होते, आणि कुठेतरी तसं लिहिलेलं असावं एवढंच तिचं म्हणणं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे पिकलं एकीकडे आणि विकलं दुसऱ्याच्या नावाने.

तेव्हापासून ती दर आठवड्याला काजांवालीला विचारू लागली, "दुसरी आवृत्ती आली का गं?" काजांवालीला वाटलं, भावाचं केवढं कौतुक!

दीड महिन्याने एका रविवारी सकाळी बारक्याच तिच्या दारात उभा राहिला. नवरा गेल्यापासून ती दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि भाऊ सणावारीसुद्धा फोनवरच भेटायचा. आज त्याच्या काखेत एक खोकं होतं आणि डोळ्यांखाली काळं.

"ताई, चहा टाक आणि बस. मी अडचणीत आहे."

अडचण अशी होती. खेळ काढणाऱ्या कंपनीने किल्ल्याची नवी आवृत्ती आणली होती. चित्रं चकचकीत, गाणी वाजंत्र्यांसकट, आणि कोपऱ्यात नकाशा आपोआप उमटणारा. लोकांनी तो उमटलेला नकाशा आणि पुस्तकातले नकाशे शेजारी शेजारी ठेवले. सहा मजले चौकोनाला चौकोन जुळले. पाचवा जुळेना. पुस्तकात पाचव्या मजल्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक खोली होती, तीन चौकोन रुंद, दोन लांब, आणि ठिपक्यांचं गुप्त दार. खेळात तिथे भिंतींपलीकडे काहीच नव्हतं. आणि पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण नेमकं त्या खोलीवर होतं. अकरा वर्षांचा मुलगा महिनाभर भिंती चाचपतो, शेवटी दार सापडतं, आत एक म्हातारा दिवा घेऊन बसलेला असतो, तो म्हणतो, 'फार उशीर केलास.' त्या प्रकरणाने लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आता लोक म्हणतायत मी थापा मारल्या," बारक्या नख खात म्हणाला. "जुन्या कॅसेटचं पोट फाडून बघितलंय त्यांनी, म्हातारा नाहीच म्हणतात. सदर बंद होईल ताई. संपादक फोन उचलत नाही. तुला आठवत असेल, त्या खोलीत शिरायचं कसं?"

तिने खोक्याकडे बोट केलं. "यात काय आहे?"

"जुनं यंत्र. आणि आपली कॅसेट."

"लाव."

"अगं पण..."

"लाव म्हणते ना. आणि कंट्रोलर इकडे दे."

तर अशा रीतीने, बावन्नाव्या वर्षी, ती किल्ल्यात उतरली. नवे गडी करायला लागले, कारण कॅसेटमध्ये जपून ठेवलेला जुना खेळ कधीच पुसला गेला होता. पुढच्या रांगेतल्या योद्ध्याचं नाव तिने ताई ठेवलं. मागच्या रांगेत जखमा बांधायला बारक्या.

आणि आता ज्यासाठी लोक त्याचं सदर वाचत तो प्रश्न तिलाही पडला : टिकलाय का हा खेळ? बारक्याने पुस्तकाच्या शेवटी लिहिलं होतं, 'किल्ला म्हातारा झाला नाही, आपण झालो.' असली वाक्यं लिहायला काय जातं! पहिल्या तासाभरात तिला दिसलं की किल्ला चांगलाच म्हातारा झाला होता. एक पाऊल टाकायचं तर पडदा आधी काळा व्हायचा, मग दचकून उजळायचा. सराईचा मालक तीच दोन वाक्यं बोलायचा, तुम्ही जिंकून या की मरून. वटवाघूळ लाल, वटवाघूळ निळं, वटवाघूळ हिरवं, तिन्ही एकच. "एका पॅटर्नचे तीन रंग," ती म्हणाली. "आमच्याकडे पण असंच चालतं." राक्षसांनी तर तिला हसूच आलं. ज्याला बघून बारक्या उशीखाली तोंड घालायचा, तो खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखा दिसत होता.

पण भिंती जागच्या जागी होत्या. ती खाली उतरत गेली तसं ते तिच्या लक्षात येत गेलं. सगळं सोंग जुनं झालं होतं, आतलं माप मात्र पक्कं होतं. कुणीतरी कुठेतरी बसून, एकही चौकोन फुकट न घालवता, हा चक्रव्यूह आखला होता. तिने कागद घेतला नाही. लागलाच नाही. दोन पुढे, डावं दार, तीन पुढे, भोवरा, म्हणून उलट वळ. बोटं नवी होती आणि अडखळत होती, पण वाट डोक्यात होती. दुपार कलेपर्यंत ती चौथ्या मजल्यावर होती, दोनदा मरून. तिला मजा येत होती, आणि मजा येतेय याचंच वाईट वाटत होतं. हे आपल्याला तेव्हा एकदाही का दिलं नाही? एकदा, पाच मिनिटं? हा प्रश्न तिच्या तोंडापर्यंत आला आणि तिने तो गिळला, कारण शेजारी बारक्या तोंडाचा चंबू करून बसला होता, अकरा वर्षांचा असताना बसायचा तसा.

"इथे," तो म्हणाला. "इथून ईशान्येला."

पाचव्या मजल्याचा ईशान्य कोपरा. बोळ संपला. समोर भिंत. तिने योद्ध्याला भिंतीवर चालवलं. धप्प. बाजूच्या भिंतीवर. धप्प.

"नाहीये," ती म्हणाली आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. "नव्हतीच कधी. ती खोली मी काढली."

"म्हणजे?"

"म्हणजे मी काढली. कोपऱ्यात सहा चौकोन रिकामे होते. तू भराभर उतरत होतास. आठवड्याभरात सातव्यावर गेला असतास. आणि सुट्टी संपली की मी मावशीकडे जाणार होते. किल्ला संपला असता तर तू चेंडू घेऊन बाहेर पळाला असतास, आणि मी राहिले असते घरात, बॅग भरत." ती पडद्याकडे बघूनच बोलत होती. "म्हणून एक खोली काढली. म्हटलं, शोधत बसेल. बसलास. महिनाभर रोज माझ्या शेजारी बसलास."

बारक्या हळूच म्हणाला, "पण मला तो म्हातारा आठवतो, ताई."

"मी पहिल्यांदा मावशीकडून सुट्टीला आले तेव्हा तू मला सांगितलंस, सापडली म्हणून. आत म्हातारा होता, दिवा होता. मला तर ठाऊक होतं. पण तू इतका रंगून सांगत होतास की म्हटलं, राहू दे. तू मला थाप मारलीस, मी तुला मारली होती. फिटंफाट. मग त्याच सुट्टीत आपण सहावा आणि सातवा उतरलो."

"मी थाप मारली होती?" त्याचा चेहरा खरोखर कोरा होता. आपलीच थाप चाळीस वर्षं सांभाळून माणूस तिचा इतका होतो की तिला आठवण म्हणू लागतो. मग तो रडायला लागला. मोठं पोट हलवत, नाक ओढत, शर्टाच्या बाहीला पुसत. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी ठेवला.

"हेच लिहितो," तो म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीत हेच प्रकरण. तू, मावशी, सुट्टी, सगळं. खोलीपेक्षा हे किती मोठं आहे गं! लोक वेडे होतील. पण ते विश्वास कशावरून ठेवतील? म्हणतील, आता बहिणीच्या नावाने दुसरी थाप."

तेव्हा ती उठली आणि कपाटातून कात्रणांचं खोकं काढलं. तळाशी एक पिवळा कागद होता. पाचवा मजला, पहिला, खोली काढायच्या आधीचा. ईशान्येचे सहा चौकोन रिकामे. कागदाच्या पाठीवर तिच्या पंधराव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलेलं : 'खरा हा आहे. बारक्याला सांगायचं नाही.' खाली तिची सही, त्या वयात नुकतीच करायला शिकलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

तिने तो कागद आपण होऊन त्याच्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तो कागद कोणी मागितला नव्हता. पण रडणारा भाऊ आणि त्याच्या तोंडून 'तू, मावशी, सुट्टी, सगळं' हे शब्द, बाई भुलली. कॅसेट आणि यंत्र मात्र तिने ठेवून घेतलं. "हे राहू दे इथे," ती म्हणाली. तोही 'बरं' म्हणाला, कारण त्याला आता त्याची गरज नव्हती.

पुढचे दोन महिने ती घरी आली की खेळायची. सहावा मजला पूर्ण अंधाराचा. तो तिने डोळे मिटूनही पार केला असता. कारखान्यात ती जरा सैल झाली. एका नव्या मुलीचा गळा पाव इंच चुकला तर रागावायच्या ऐवजी तिने तो स्वतः पुन्हा आखून दिला. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. फूटपट्टी वाकायला लागली, असं कुणीतरी म्हणालंही.

मग दुसरी आवृत्ती आली. या वेळी काजांवाली धावतच आली, पुस्तक छातीशी धरून.

"ताई! तुमच्यावर छापून आलंय! तुम्ही बोलला नाहीत कधी!"

सगळ्या जणी टेबलाभोवती जमल्या. तिने हात पुसले, चष्मा लावला.

नवीन प्रकरण नव्हतं. खोलीचं प्रकरण होतं तिथेच होतं, नुसतं शेवटी एक वाक्य जोडलं होतं : लहान मूल ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतं, तीच माणसं कधी कधी त्याची आठवणसुद्धा घडवून ठेवतात. मधली गुळगुळीत पानं तशीच होती, फक्त आता प्रत्येक नकाशाखाली वेगळी ओळ होती. पहिला मजला, 'लेखकाने काढलेला नकाशा'. दुसरा, चहाच्या डागासकट, 'लेखकाने काढलेला'. तिसरा, चौथा. मग पाचव्यासमोर एक नवं पान, आणि त्यावर तिचा पिवळा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. सही इतकी स्पष्ट की शेपटीची शाई फुटलेलीही दिसत होती. खाली मजकूर : 'दुरुस्ती. पाचव्या मजल्याच्या नकाशातली ईशान्य कोपऱ्यातली खोली मूळ खेळात नाही. हा एक नकाशा लेखकाच्या थोरल्या बहिणीने काढला होता आणि त्यातली चूक तिने जाणूनबुजून केली होती. तिचा कबुलीजबाब सोबत छापला आहे.' त्यानंतर सहावा, लेखकाने काढलेला. सातवा, लेखकाने काढलेला.

मोठ्या अक्षरांत काय, लहान अक्षरांतही तिचं नाव नव्हतं. होतं फक्त नातं, आणि गुन्हा.

"बहीण म्हणजे तुम्हीच ना?" काजांवाली म्हणाली, आणि मग तिने पुन्हा एकदा वाचलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "आमचे हे म्हणत होते... म्हणजे लोक म्हणतायत की बिचाऱ्या लहान मुलाला एवढं फसवायला नको होतं. पण लोकांचं काय मनावर घ्यायचं."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जा, मशीन उघडं टाकून आलीस."

एकतीस वर्षं पुठ्ठ्यांवर सह्या करणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं, आणि कळलं नाही याचीच तिला सगळ्यांत जास्त चीड आली. आपल्यावर. भावावर नंतर.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बारक्याचाच. आवाज हसरा, मोकळा, अडचणीतून सुटलेल्या माणसाचा.

"ताई, बघितलंस? संपादकाचा फोन आला होता. सदर चालू राहणार. लोक तर आता म्हणतायत, त्या प्रकरणाला आणखीच धार आलीये. आणि तुझं पण आलं की नाही शेवटी? मी शब्द दिला होता ना!"

"आलं," ती म्हणाली.

"ते जरा कडक वाटेल तुला. प्रकाशक म्हणाला, थोडक्यात आटपा. पण तुझ्या अक्षराचं सगळे कौतुक करतायत."

ती पुस्तकाची पानं उलटत होती. पहिला मजला. दुसरा, डागाचा. तिसरा.

"बारक्या, बाकीचे सहा नकाशे बरोबर आहेत ना रे? तपासले लोकांनी?"

"एकदम बरोबर! चौकोन न् चौकोन जुळवून बघितलाय. सहांत मिळून एक चूक नाही."

"मग ते तुझे," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तिने फोन ठेवला, नवा पुठ्ठा ओढला, आणि गळा आखायच्या आधी कोपऱ्यात सही केली.